घारीच्या वाट्याचं पाणी

एका खाडीकाठच्या गावात एक बाई राहत होती. तिचं नाव पदीबाई, पण लहानथोर सगळे तिला पदीआत्याच म्हणत. बैल सगळेच जुंपतात; आत्या वारा जुंपायची.

गाव म्हणजे अकरा घरं. समोर दोन कोस पसरलेलं खाजण, भरतीच्या पाण्याने भिजलेलं, मिठाने पांढरं झालेलं. खाजणाच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला एक टेकडी होती आणि तिच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा. गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ. बैल खाजणात घातला तर पोटापर्यंत रुतायचा. माणूस डोक्यावर मडकं घेऊन गेला तर चिखल तुडवता तुडवता अख्खा दिवस जायचा आणि घरी यायचं एकच मडकं.

आत्याचा नवरा हशुराम गलबतांची शिडं शिवायचा. त्याने एकदा शिडाच्या कापडाचा भलामोठा पतंग शिवला. आठ माणसं पांघरून झोपतील एवढा. त्याला काड्या नाहीत, कामट्या नाहीत. नुसती कापडी पिशव्यांची ओळ. पिशव्यांत वारा शिरला की पतंग छाती भरून श्वास घेई आणि वर चढे. गावाने त्याला नाव ठेवलं घार.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटे. आत्या सपाट बुडाच्या, बिनचाकी लाकडी गाडीत बारा रिकामी मडकी ठेवी, घार चढवी आणि निघे. दुपार कलली की खारा वारा उलटा फिरे आणि तिला भरल्या मडक्यांसह परत आणून सोडी. ओल्या खाजणात सगळं आभाळ उतरलेलं असे. एक घार वर, एक घार खाली, आणि मधून सरकणारी आत्या. गावाच्या दगडी बांधावरून बघणाऱ्याला वाटे, ही बाई ढगांवरून चालली आहे आणि आपण झोपेत आहोत.

पण आत्या मात्र जागी असे. वारा गिऱ्हाइकासारखा. कितीही हसतमुख आला तरी त्याच्या मनात काय आहे ते त्यालाच ठाऊक. म्हणून ती दोर कधी मनगटाला गुंडाळत नसे, कमरेला बांधत नसे. टेकडीमागे काळं दिसलं तर घार घडीतून काढतच नसे. गाडीच्या वाटेत पुढे कोणाला उभं राहू देत नसे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'सोड'. सोड ही एक बारीक दोरी. लाकडी कडीतून ओवलेली. ती ओढली की घारीची एक कड सैल पडे, पोटातला वारा निघून जाई आणि घार वाळत घातलेल्या लुगड्यासारखी अलगद खाली येई. गावाच्या बांधाअलीकडे पन्नास पावलांवर आत्या रोज सोड ओढायची आणि गाडी थांबायची.

बारा मडक्यांपैकी अकरा मडकी अकरा घरांची. बारावं घारीचं. रोज संध्याकाळी हशुराम त्या गोड्या पाण्याने घार खळबळून धुई, दोर धुई, सोडीची कडी धुई आणि सगळं सावलीत वाळवी. मग डोळे मिटून सगळा दोर बोटांमधून सरकवी. "डोळ्याला दोर नवाच दिसतो," तो म्हणे, "बोटाला खरं कळतं." बंदरावर गलबतं हाकणारे तांडेलही मिठाला भितात: वादळ गलबत एका दिवसात बुडवतं, मीठ ते वर्षभर खात बसतं.

एका साली उन्हाळा फार लांबला. झरा बारीक झाला. मडकी येत ती अर्धीच भरलेली.

एका संध्याकाळी हशुराम घार धुवायला बसला होता. तेवढ्यात शेजारची चांगुणा आली. तिच्या कडेवर दोन जुळी लेकरं, दोघांचे ओठ सुकलेले. तिने घारीकडे बघितलं, मग आत्याकडे.

"काय गो आत्या," ती म्हणाली, "तुज्या फडक्याला आंघोळ, आन माज्या लेकरांना घोट नाय?"

आत्याने हशुरामच्या हातातलं मडकं घेतलं.

"थांब पदी," हशुराम म्हणाला. "आपल्या घरातलं दे तिला."

"आन आपण काय पियाचं?"

"आपण आज अर्ध्यावर भागवू."

आत्याने घरातल्या मडक्याकडे पाहिलं. दिवसभराच्या उन्हाने तिचाही घसा कोरडा पडला होता. घारीला काही घसा नव्हता. तिने घारीचं मडकं चांगुणाला दिलं.

दुसऱ्या दिवशी घार उडाली. काही बिघडलं नाही. बिघडलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं होत नाही. पहिली चूक नेहमी फुकटात पडते, म्हणून तर माणूस दुसरी करतो. त्या दिवशी म्हातारा गोमा पाटील काठी टेकत आला. "आत्या, माज्या म्हातारीला ताप हाय." आत्याने त्याला बारावं मडकं दिलं. मग तिसऱ्या दिवशी तिसरं घर, चौथ्या दिवशी चौथं. अख्खं गाव म्हणू लागलं, आत्या म्हणजे देवमाणूस. पाटील तर चारचौघांत म्हणाला, "इतकी वरसं आपण एका चिंधीला पाणी पाजत होतो. लाजच वाटते."

आणि गंमत अशी, की न धुतलेली घार जास्तच सुंदर दिसू लागली. कापडावर मिठाचे बारीक कण बसले. ऊन पडलं की ती लखलखे. दिवसाढवळ्या आभाळात चांदण्यांचं पांघरूण फिरतंय असं वाटे. बाया कामं टाकून बांधावर येत. आत्यालाही भूल पडली. परतताना ती वर बघे आणि बघतच राही.

आठव्या दिवशी हशुरामने डोळे मिटून दोर बोटांतून सरकवला. "पदी, दोर कुरकुरतो. सोड कडीत अडकते. उद्या खेप नको."

"उद्या खेप नको तर अकरा घरं काय चाटतील? मीठ?"

"मग आजचं पाणी घारीला दे."

"आजचं मी कोळणीच्या घरी कबूल केलंय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी चांगुणा आत्याबरोबर निघाली. झरा इतका बारीक झाला होता की करवंटीने पाणी भरायला चार हात लागत. दोघींनी दुपारपर्यंत थेंब थेंब गोळा केला. त्या दिवशी बारा मडकी काठोकाठ भरली. चांगुणा आपलं मडकं मांडीत घेऊन बसली. खारा वारा सुटला, घार लखलखत वर चढली आणि गाडी आभाळावरून निघाली.

अर्ध्या वाटेवर वाऱ्याने मन बदललं. मागून एक झोत आला, मग दुसरा. गाडी पळायला लागली. चांगुणा हसली. "आत्या, आज दिवेलागणीच्या आधी घरी!"

आत्या हसली नाही. समोर बांधाचे दगड दिसत होते. पन्नास पावलं कशाला, तिने दोनशे पावलांवरच सोड ओढली.

सोड हलली नाही.

तिने पाय रोवून ओढली. कडीच्या भोवती मिठाचं पांढरं कडं बसलं होतं, दोरी तिथेच दगडासारखी घट्ट. वर घार पोट भरभरून वारा पीत होती.

"चांगुणा, उडी टाक!"

"आन पाणी?"

"पाणी जाऊ दे! उडी टाक!"

चांगुणाने मडकं आणखी घट्ट धरलं. आत्याने हातातले दोर सोडून दिले. तरी ते पुढच्या फळीला बांधलेले, गाडी कुठली थांबायला! मग तिने चांगुणाला दोन्ही हातांनी चिखलात ढकललं आणि मागोमाग स्वतःला झोकून दिलं.

गाडी बांधावर आदळली. बारा मडकी एकदम फुटली. खाजणाने ते गोडं पाणी एका घोटात पिऊन टाकलं. कुठे सांडलं होतं तेही क्षणात कळेना. गाडीची पुढची फळी तुटून दोराला लटकली आणि तेवढ्या वजनावर घार गावाच्या वर गेली.

अकरा घरांतली माणसं अंगणात येऊन वर बघू लागली. घार त्यांच्या डोक्यावरून संथपणे चालली होती. वाऱ्याने कापड एकदा जोरात झटकलं, आणि आभाळातून काहीतरी बारीक, चमकणारं भुरभुरत खाली आलं.

"पाऊस! पाऊस!" कोणीतरी ओरडलं. माणसांनी तोंडं उघडली, हात पसरले. चांगुणाच्या लेकरांनी जिभा बाहेर काढल्या.

ते मीठ होतं.

घार ताडांवरून, मग डोंगरावरून पलीकडे गेली. मुलं थुंकत होती, रडत होती. त्या रात्री गाव मचूळ पाणी पिऊन झोपलं आणि पहाटे अकरा घरांतली अकरा माणसं डोक्यावर मडकी घेऊन चिखल तुडवत निघाली.

रांगेत आत्या होती, तिच्यामागे चांगुणा. अर्ध्या वाटेवर चांगुणा म्हणाली, "आत्या, चूक माजीच. मी मागितलं नसतं तर..."

"तू आई हायस. तू मागणारच," आत्या म्हणाली. "मी दिलं ते माजं नव्हतं. माजं घरात झाकून ठेवलं होतं."

तात्पर्य: दया करावी ती आपल्या वाट्यातून. जे सगळ्यांना सांभाळतं त्याचा वाटा देऊन दानशूर होऊ नये. ते मुकं असतं, कमी पडलं तरी मागत नाही, आणि त्याची गरज कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.