खर्चापुढचं शून्य

“मग यात नडतं कुठे, माई?”

अभिरामने वर्षाचा आराखडा पुन्हा माईंपुढे सरकवला. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंतचा सगळा पगार त्याने कागदावर मांडला होता. मोठा वाटा शाळेच्या ग्रंथालयाला, थोडा गळक्या छपराला, उरलेला मुलांच्या सहलीला. स्वतःच्या खर्चापुढे शून्य.

त्या शून्यावर त्याचा फार जीव होता. परदेशात शिकून, तिथली नोकरी सोडून तो डोंगरावरच्या शाळेत शिकवायला आला होता. आता मठाच्या गुरू असलेल्या माईंच्या हातून त्याला वर्षभराचं व्रत हवं होतं. जवळ काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

माई पडवीत वालाच्या शेंगा सोलत होत्या. अभिरामसोबत आलेली त्याची थोरली बहीण कुंदा त्यांना सोलू लागत होती.

“जेवतोस कुठे?” माईंनी विचारलं.

“ताईकडे.”

“कपडे?”

“दाजींचे जुने होतात मला.”

“जुने कसले?” कुंदा हसली. “जुने व्हायच्या आधीच पळवतो.”

“ताई, गप ना!”

“बरं बाबा, गप.”

“आणि शाळेत जातोस कसा?” माईंनी पुढे विचारलं.

“दाजींच्या मोटरसायकलवर.”

“पेट्रोल?”

अभिराम जरा अडखळला. “ते... दाजीच भरतात.”

माईंनी मान हलवली, जणू सगळं रीतसर होतं. अभिरामला वाटलं, जमलं.

“कुंदा, तुझं गं काय ठरलंय या वर्षी?”

“माझं कसलं ठरतंय, माई!”

“सांग तरी.”

“शिलाई मशीन घ्यायचं होतं. चार बायकांचे ब्लाऊज शिवले असते घरबसल्या. दुकानात विसारही देऊन ठेवला होता... परत आणला.”

“का?”

कुंदाने हातातली शेंग सोलून संपवली.

“घरात एक माणूस वाढलं की इकडचं तिकडे करावंच लागतं. पुढल्या वर्षी बघू.”

अभिराम तिच्याकडे बघतच राहिला. रोज रात्री हीच त्याला आणखी एक भाकरी घे म्हणून मागे लागायची.

“मला बोलली का नाहीस?”

“तुझं एवढं मोठं काम चाललंय. त्यात माझं मशीन कुठे घालू मध्ये?”



माई उठल्या. मठाची एक रीत होती. व्रत देताना गुरू खांद्यावर झोळी घालायचा आणि समोर असेल त्याने तीत पहिली भिक्षा वाढायची. माई आतून कोरी भगवी झोळी घेऊन आल्या. अभिराम घाईने गुडघ्यांवर बसला. त्याने मान खाली घातली.

माईंनी झोळी कुंदाच्या खांद्यावर घातली.

“अगं बाई! हे काय, माई?” कुंदा उठू लागली. माईंनी खांदा दाबून तिला खाली बसवलं.

“माई, व्रत मी घेतोय,” अभिराम म्हणाला.

“घे ना.”

“मग झोळी...?”

माईंनी पुन्हा खाली बसून पुढची शेंग उचलली.

“पहिली भिक्षा तू वाढ.”