सुखाचं माप

डॉक्टर रणदिवे म्हणजे मोठं प्रस्थ. दिसेल ते मोजायचे. गाणं शिकवणाऱ्या मृणालिनीबाईंचे पाय मल्टिपल स्क्लेरोसिसनं दुबळे झालेले. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात चालवून पाहिलं आणि निकाल दिला, "जगण्याचा दर्जा शून्य! आता गाणं बंद करा आणि पडून राहा."

बाई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, चालण्यावरच सुख मोजायचं, तर घाण्याचा बैल सगळ्यात सुखी म्हणायचा!"

सोबत आलेल्या शिष्या खो खो हसत सुटल्या. डॉक्टर ओशाळले. "मग मोजायचं तरी कसं?"

"जगतेय मी, तर मलाच विचारा की! संध्याकाळी क्लासला या."

डॉक्टर खरंच आले, भीत भीत गायलेही. पहिलाच सूर भलतीकडे गेला.

बाई म्हणाल्या, "सुराचा दर्जा शून्य! पण गाणं बंद करू नका हं."