डोळे मिटून भरलेली मूठ

फार पूर्वी, लोकांना राजाचे नाव ठाऊक नसले तरी आपल्या नदीचे नाव निश्चित ठाऊक असे, त्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती लक्ष देऊन ऐकावी, आणि मोठ्यांनी आपण मोठे आहोत म्हणून उठून जाऊ नये.

डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठी एक गाव होते. गाव साळी पिकवी आणि भात खाई. पेरणीचे बियाणे घरोघर न ठेवता देवळामागच्या कोठीत एका मोठ्या कणग्यात ठेवण्याची तेथे रीत होती. कणगा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. बांबूच्या कामट्यांची विणलेली, माणसाहून उंच अशी ती टोपली. तिला शेणमातीने नीट लिंपलेले असे. ज्याची मळणी आधी, त्याची साळ तळाशी जाई. ज्याची शेवटी, त्याची वर राही.

पेरणीपूर्वी देवीला कौल लावला जाई. गावचे पाटील स्नान करून कणग्याचे तोंड उघडीत, वरची ओंजळभर साळ घेत, ती सुपात निवडीत आणि त्यांतले टपोरे दाणे देवीपुढच्या परडीतील ओल्या मातीत पेरीत. परडी हिरवीगार झाली की बियाणे उत्तम ठरे. परडी दरवर्षी हिरवीगार होई.

शेते मात्र होत नसत. दोन वर्षांपूर्वी रोपे इतकी विरळ उगवली की, पुढच्या श्रावणातच घरांतील तांदूळ संपले आणि लोकांनी रानातील कंद उकडून दिवस काढले. दोष चिमण्यांना देण्यात आला. चिमण्यांनी प्रतिवाद केला नाही.

देवळाच्या पडवीत गावाची शाळा भरे. तेथील गुरुजींना यंदा एक गोष्ट दिसली. कणग्याच्या तळाजवळचे लिंपण काळसर आणि ओलसर झाले होते. ते पाटलांकडे गेले.

"पाटील, बियाण्याची पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी, असे मला वाटते."

"देवीने परीक्षा घेतलेली आहे," पाटील म्हणाले. "परडी पाहिलीत ना? कशी तरारली आहे!"

"परडी पाहिली. शेतही पाहिले होते."

पाटलांनी पागोटे सारखे केले. मग म्हणाले, "घ्या तुमची परीक्षा. पण बियाणे वाया घालवू नका."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मुलांना कोठीत नेले आणि विचारले, "या कणग्यातील बियाणे चांगले आहे की वाईट, हे कसे ओळखावे?"

हिरोजी नावाचा एक मुलगा उतावळा होता. तो म्हणाला, "सोपे आहे, गुरुजी. सगळेच दाणे भिजवून पाहू!"

"आणि मग पेरायचे काय? तुझे डोके?" चांगुणा नावाची मुलगी म्हणाली.

मुले हसली. गुरुजी हसले नाहीत, ते म्हणाले, "चांगुणेचे म्हणणे बरोबर आहे, बोलण्याची रीत बरोबर नाही. भिजवलेला दाणा पुन्हा कणग्यात ठेवता येत नाही. म्हणून थोड्या दाण्यांना विचारायचे आणि सगळ्यांचे उत्तर समजून घ्यायचे. प्रत्येकाने एक मूठ आणा."

मुले शिडीवर चढली, मुठी भरून उतरली आणि पायरीवर बसून दाणे निवडू लागली. फुटका दाणा दूर, बारीक दाणा दूर, काळा दाणा तर फारच दूर.

"हे काय चालले आहे?" गुरुजींनी विचारले.

"निवडतो आहोत," चांगुणा म्हणाली. "वाईट दाणा देवीपुढे कसा ठेवायचा, गुरुजी? आई रागावेल."

"आई योग्यच सांगते. देवीला अर्पण करायचा दाणा निवडून घ्यावा. पण ज्या दाण्याला प्रश्न विचारायचा, तो निवडू नये. तुम्ही शहाण्या मुलांनाच प्रश्न विचारलेत, तर सगळी शाळा शहाणी आहे असे वाटेल."

सगळ्यांनी हिरोजीकडे पाहिले. हिरोजीने छताकडे पाहिले.

"म्हणून डोळे मिटून मूठ भरा, आणि मुठीत येईल ते आणा," गुरुजी म्हणाले.

मुले पुन्हा चढू लागली. आता मात्र हिरोजी खालीच थांबला. "पण गुरुजी, डोळे मिटले तरी हात वरच्याच दाण्यांत जाणार. तळाच्या दाण्यांना कोण विचारणार?"

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हाच प्रश्न मी तुमच्याकडून ऐकायला थांबलो होतो."

तळाच्या दाण्यांना विचारायचे, तर कणग्याला बाजूने भोके पाडणे आवश्यक होते. हे ऐकताच पाटील तडक कोठीत आले.

"कणग्याला भोके? उद्या म्हणाल, देवळालाही पाडा! लिंपण कोण करणार?"

"मी करीन," गुरुजी म्हणाले.

वर, मध्ये, तळाशी, चारही बाजूंनी बारीक भोके पाडण्यात आली. प्रत्येक भोकात पोकळ वेळूची नळी खुपसून थोडे थोडे दाणे काढण्यात आले. मुलांनी ते सारे एका परातीत कालवले, डोळे मिटून त्यांतून शंभर दाणे उचलले आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवले. गुरुजींनी स्वतः शेणमाती कालवली आणि भोके बुजवली. त्यांचे लिंपण ओबडधोबड झाले, हे येथे नमूद केले पाहिजे.

कोंब येण्याइतका अवधी गेल्यावर फडके सोडले. शंभरांतील जेमतेम चाळीस दाण्यांना कोंब होते. उरलेल्यांना आंबूस वास येत होता. गुरुजींनी परातीतील आणखी शंभर दाणे तसेच भिजवून पाहिले. आकडा दोन-तीन दाण्यांनी बदलला; उत्तर बदलले नाही.

आता पाटलांपुढे मोठा पेच पडला. नदीपलीकडच्या गावाकडे चांगले बियाणे होते; पण दोन पायली तांदूळ द्यावे, तेव्हा तेथे एक पायली बियाणे मिळे. बियाणे आणावे आणि कणग्यातील चांगलेच निघावे, तर गावाने खाण्याचे तांदूळ उगाच घालवले असे होईल. आणू नये आणि कणग्यातील वाईट निघावे, तर पुढील वर्षी गाव रिकामे होईल. शिवाय नदीला एकदा पाणी आले की विचार करण्याचीही सोय राहणार नव्हती.

त्यांनी देवळापुढे गाव जमवले. एकीकडे हिरवीगार परडी ठेवली, दुसरीकडे मुलांचे फडके.

"शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपले वाडवडील सांगत आले," पाटील म्हणाले. "मी ओंजळभर दाणे पाहिले, मुलांनीही तेवढेच पाहिले. मग माझी परीक्षा खोटी कशी?"

गुरुजी उत्तर देणार, तोच मागून पाटलीणबाई बोलल्या.

"शीत मी रोज पाहते. पळी तळापर्यंत घालून भात वरखाली करते, आणि मगच शीत घेते. वरचेच शीत पाहून भांडे उतरवले असते, तर इतकी वर्षे आपण तळाची करपी जेवला असतात. आणि करपल्यावर आपण चिमण्यांना बोलला नसतात, मला बोलला असतात."

गाव मोकळेपणाने हसले. पाटील हसले नाहीत, पण त्यांनी परडीकडे पाहिले, मग फडक्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "गाड्या जुंपा. माझ्या घरचे तांदूळ पहिल्या गाडीत चढवा."

गाड्या बियाणे घेऊन परतल्या आणि पाठोपाठ नदी दुथडी भरली. नव्या बियाण्याची पेरणी उरकल्यावर कणगा रिकामा केला. वरची साळ सोन्यासारखी निघाली. मध्याच्या खाली मात्र काळे, बुरशी धरलेले ढेकूळच हाती आले. ते गुरांनीही हुंगून सोडले.

त्या वर्षी रोपे दाट उगवली. चिमण्या नेहमीसारख्याच आल्या, नेहमीइतकेच दाणे त्यांनी टिपले, आणि त्यांना कोणी एक शब्दही बोलले नाही.

पुढे त्या गावात देवीपुढे दोन परड्या ठेवण्याची रीत पडली. एक पाटील दाणे निवडून पेरीत, ती नैवेद्याची. दुसरी मुले डोळे मिटून, कणग्याच्या सर्व अंगांच्या दाण्यांनी भरीत, ती कौलाची. पेरणीचा निर्णय दुसरी परडी पाहूनच होत असे.

तात्पर्य: मूठभरांवरून सर्वांची पारख करता येते; मात्र ती मूठ सर्व ठिकाणांहून आणि न निवडता भरलेली असली पाहिजे.