मामाने वेळ लावली

राजाराणीचं नगर वगैरे काही नव्हतं. डोंगराच्या उतारावर वसलेलं एक साधं गाव होतं आणि त्या गावात एक भोळा मामा होता. गाव इतकं उताराचं, की वरच्या आळीत चेंडू हातातून सुटला तर तो थेट ओढ्यातच सापडायचा. आणि मामा इतका भोळा, की चेंडू सापडला की तो ओढ्याचे आभार मानायचा.

मामाचं नाव गुणाजी. राहायचा बहिणीकडे. बहिणीला आक्का म्हणायचा आणि आक्काच्या लेकीवर, पूर्वावर, त्याचा भारी जीव. पूर्वाला एकच नाद होता, चाकाच्या फळीचा. शहरातली माणसं तिला स्केटबोर्ड म्हणतात, गावात चाकाची फळीच म्हणत. नव्या सिमेंटच्या रस्त्यावर पूर्वा शंकूच्या आकाराचे लाल रंगाचे छोटे कोन एका ओळीत मांडायची आणि वरून फळीवर उभी राहून सुटायची. एका कोनाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, अशी नागमोडी खाली. कोन पडता कामा नये आणि वेळ कमीत कमी लागला पाहिजे, एवढाच खेळ. या खेळाला स्लॅलम म्हणतात. आक्का त्याला हाडं मोडायचा धंदा म्हणायची.

एक दिवस आक्कानं निकाल दिला.

"तालुक्याचं सर येनार हायेत नव्हं? यंदा निवड झाली तर झाली. न्हाय झाली तर फळी माळ्यावर. परत खाली काढायची न्हाय."

पूर्वाचं तोंड एवढंसं झालं. ते मामानं पाहिलं. निवड झाली नाही तर फळी माळ्यावर. मग निवड व्हायलाच पाहिजे.  दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यानं कोपऱ्यातलं गव्हाचं पोतं ओढलं, सूप घेतलं आणि खडे वेचत बसला. रोज दुपारी बसू लागला. आक्काला वाटलं, उशिरा का होईना, भावाला कामाची बुद्धी झाली.

इकडे पूर्वाची वेगळीच पंचाईत. आपण खरंच जोरात येतो की नुसतं वाटतं, हे तिला कळत नव्हतं. मैत्रीण मोबाईलवर वेळ घ्यायची, पण फळी पाहण्यात बटण दाबायचंच विसरायची. म्हणून पूर्वानं पैसे साठवून स्वस्तातलं एक यंत्र मागवलं. दप्तरात मावतील अशा दोन पेट्या, प्रत्येकीला एक काचेचा डोळा. एक पेटी वर ठेवायची, एक खाली. वरच्या डोळ्यासमोरून काही गेलं की वेळ सुरू. तेच खालच्या डोळ्यासमोरून गेलं की बंद. खालच्या पेटीवर लाल आकडे उमटत.

मामानं ते पाहिलं आणि विचारलं, "हितं काय दिसतंय?"

"वेळ," पूर्वा म्हणाली.

झालं. मामा त्या पेट्यांनाच 'वेळ' म्हणू लागला. हळूहळू सगळं घर तसंच बोलू लागलं. वेळ कुठाय? वेळ पलंगाखाली आहे. वेळेला चार्जिंग केलं का?

पहिल्या दिवशी पूर्वा फळी घेऊन वर गेली आणि तिथून ओरडली, "मामा, वरची मी लावलीय. खाली तू लाव. कडेच्या मातीत नीट लाव!"

मामानं नीट लावली. खुरप्यानं मातीत आळं केलं, पेटी मानेपर्यंत पुरली, वर तांब्याभर पाणी घातलं. पूर्वा सपसप खाली आली, तर आकड्यांचा पत्ता नाही.

"मामा, हे काय केलंस?"

"लावली की. आता कोंब यायला दोन दिस तरी जातील."

पूर्वानं पेटी उपटली, फ्रॉकनं पुसली, चुलीजवळ शेकली. पेटी चिवट होती, जगली.

"मामा, वेळ लावायची म्हणजे जमिनीवर उभी करायची. बटण दाबायचं, आकडे शून्यावर आणायचे. झाली लावून. आणि पाण्यापासून जपायचं. भिजेलसं वाटलं तर फडकं घालायचं."

"आस्सं व्हय! मग पयलंच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. मामानं वेळ जमिनीवर उभी केली, बटण दाबलं आणि वर आपलं उपरणं घालून दोन गाठी मारल्या. पूर्वा तीनदा वरून आली. उपरण्याखाली आकडे पळतच राहिले, थांबेनात.

"मामा, ऊन पडलंय की रे!"

"व्हय, पर घाम आला तर?"

"अरे, डोळा झाकल्यावर त्याला दिसणार कसं? डोळ्यासमोर काही म्हणजे काही येऊ द्यायचं नाही. आलंच तर काठी घेऊन हुसकून लावायचं."

"आस्सं व्हय! मग पयलंच सांगायचं."

तिसऱ्या दिवशी तालुक्याचे धायगुडे सर रस्ता पाहायला आले. राज्याच्या स्पर्धेसाठी निवड करणारे हेच. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. उताराचा अंदाज घेत घेत ते नेमके डोळ्यासमोर उभे राहिले. मामानं काठी उचलली.

"हाड! हाड! हुर्र!"

सर आधी हसले. मग काठी जवळ आली. मग सर पळाले आणि गडबडीत शेजारच्या बायडाबाईच्या गोठ्यात शिरले. टोपी तेवढी रस्त्यावर राहिली. पूर्वानं ती नेऊन दिली, माफी मागितली आणि परत येऊन कपाळाला हात लावला.

"मामा, ते सर आहेत! असं कुणी मोठं आलं की काठी खाली टाकायची. हात जोडायचे. 'या, बसा' म्हणायचं. पाणी द्यायचं."

"आस्सं व्हय! मग पयलंच सांगायचं."

चौथ्या दिवशी बायडाबाईची म्हैस सुटली. चांगली थोराड म्हैस, गावात तिच्याहून मोठं कुणी नव्हतं. ती वरच्या डोळ्यासमोरून डुलत डुलत कोनांच्या ओळीत आली. मामानं काठी खाली टाकली, हात जोडले.

"या, बसा."

म्हैस बसली. मामानं तिच्यापुढे बादली ठेवली. ती पाणी प्यायली, रवंथ करत राहिली, आणि उन्हं कलल्यावर उठून खालच्या डोळ्यासमोरून घरी गेली. तेव्हा कुठे आकडे थांबले. शिवाय एकही कोन पडला नव्हता.

"येळ जरा जास्तीच लागली तिला," मामा म्हणाला, "पर चाल चांगली हाय."

पूर्वाला हसावं की रडावं कळेना. असं म्हणू नका, की वेळेचा तिला उपयोगच झाला नाही. मामाच्या तावडीतून वेळ सुटायची तेव्हा ती खरं सांगायची. पूर्वाला वाटायचं, जोर लावून हात झाडत आलो की आपण वाऱ्यासारखे येतो. आकडे म्हणायचे, नाही. ती गुडघ्यात वाकून, अंग सैल सोडून, गप्पपणे आली की आकडे कमी व्हायचे. कडुनिंबाजवळच्या वळणावर आपण उगाच घाबरतो, हेही तिला आकड्यांनीच दाखवलं. दिवसेंदिवस ती सुधारत होती. आता राहिला होता फक्त मामा.

"मामा, हात जोडते," ती म्हणाली. "उद्या सर निवड करायला येणार. तू स्वतःचं डोकं चालवू नकोस. कानावर जे पडेल तेवढंच कर. शब्दाला शब्द."

मामाला बरं वाटलं. आजवर आपण दुसरं काय करत होतो, तेच त्याला समजेना.

निवडीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. गावोगावची मुलंमुली फळ्या घेऊन आलेली, त्यांचे आईवडील डबे घेऊन. सरांचं मोठं यंत्र टेम्पोतच बिघडलं, म्हणून ठरलं की पूर्वाचीच वेळ वापरायची. ती लावायला कोण? तिची सवय असलेला माणूस कोण? सरांनी मामाकडे पाहिलं, आधी त्याच्या हातात काठी नाही याची खात्री केली आणि मान डोलावली.

मामानं काम चोख केलं. प्रत्येक मुलाआधी बटण दाबायचा, वेळ लावायचा, बाजूला व्हायचा. डोळ्यावर उपरणं नाही, मातीत पेटी नाही. पूर्वा वरून पाहत होती. तिला वाटलं, देव पावला.

सगळ्यांत शेवटी तिची पाळी आली. दिवस मावळायला आला होता, सरांना परत तालुक्याला जायचं होतं. त्यांनी टाळी वाजवली.

"चला गुणाजीराव, एकच मुलगी राहिलीय. आता वेळ लावू नका!"

मामा थबकला. सरांकडे पाहिलं. मग शब्दाला शब्द पाळून त्यानं पेटी उचलली, बंद केली आणि पिशवीत घातली.

वर पूर्वानं श्वास घेतला आणि ती सुटली. गुडघ्यात वाकून, अंग सैल, गप्प. डावीकडून, उजवीकडून. कडुनिंबाचं वळण आलं आणि गेलं. एक कोन हलला नाही. बायडाबाई म्हशीचं दावं हातातून टाकून टाळ्या वाजवू लागली. इतकी सुंदर पूर्वा आजवर कधीच आली नव्हती.

"वेळ?" सर ओरडले. "वेळ किती?"

"पिशवीत हाय," मामा म्हणाला.

"पिशवीत? लावली नाही?"

"न्हाय."

"का?"

"तुमीच म्हनला की. येळ लावू नका."

सगळ्यांनी ऐकलं होतं. सरांनीही ऐकलं होतं, स्वतःच्याच तोंडून. 

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मुली, पुन्हा एकदा सुट."

पण पूर्वा रस्त्याच्या कडेला बसली होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "परत तसं नाही जमायचं मला. आता फळी माळ्यावर."

मामा तिच्याशेजारी उकिडवा बसला. तिची आसवं त्याला बघवत नव्हती.

"ये पोरी, रडतीस कशापायी? निवड तर कवाच झालीया."

सरांचे कान टवकारले. "झालीय? कुणी केली?"

"म्यां."

"तुम्ही? एकट्यानं?"

"येकट्यानं. रोज दुपारी बसून. किडकं बाजूला सारलं, खडं समदं फेकून दिलं."

गर्दीतून एका मुलाचे वडील बाह्या सरसावत पुढे आले. "किडकं कुणाला म्हणतोस रे?"

"गव्हाला," मामा म्हणाला. "आक्का म्हनली, निवड झाली न्हाय तर फळी माळ्यावर. म्हनून आख्खं पोतं निवडून ठिवलं. येक खडा घावायचा न्हाय."

 मग पूर्वाच पहिली हसली. रडता रडता हसली, नाक पुसून परत हसली. इतक्या दुपारी हा माणूस आपल्या फळीसाठी खडे वेचत होता! तिनं मामाच्या गळ्यात हात टाकले. मग सर हसले, बाह्या सरसावलेले वडील हसले, सगळा उतार हसला. हसून हसून पूर्वाचं अंग असं सैल झालं, की ती फळी उचलून सरळ वर गेली. या खेपेला वेळ सरांनी स्वतः लावली. पूर्वा आली ती आधीपेक्षाही गप्प आणि आधीपेक्षाही लवकर. सरांनी आकडे पाहिले, टोपी काढली आणि सांगितलं, "निवड झाली. ही मुलगी राज्याला जाणार."

"मग ही कसली निवड?" मामानं विचारलं.

सरांनी समजावलं, "गुणाजीराव, निवड म्हणजे सगळ्यांत चांगला एक तेवढा ठेवायचा. बाकीच्यांना घरी लावून द्यायचं."

"आस्सं व्हय! मग पयलंच सांगायचं." आणि मामानं मनाशी पक्की खूणगाठ बांधली.

आक्का शब्दाची पक्की. फळी माळ्यावर गेली नाही, देव्हाऱ्याजवळ गेली, आणि दुसऱ्या दिवशी आक्कानं सगळ्या आळीला जेवायला बोलावलं. सरांनाही बोलावलं. आमटी झाली, भाजी झाली. आक्का पानं मांडायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "गुणा, पातेल्यात आधण ठिवलंय. तेवढं तांदूळ निवड आन् भात लाव. पुरू नगंस. पातेल्यात लाव."

"कळतंय की आक्का. मी काय येडा हाय?"

पंगत बसली. पानांवर मीठ, लिंबू, भाजी वाढून झाली. आमटीचा वास सुटला. सर बाह्या वर करून बसले. सगळे भाताची वाट पाहू लागले. बराच वेळ पाहिली. शेवटी आक्का आत गेली, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तिच्या हातातला डाव गळून पडला. पाणी खळखळत होतं. आणि त्या पाण्यात तांदळाचा एक दाणा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, नागमोडी फिरत होता.

"गुणा! बाकीचं तांदूळ कुठं हायेत?"

"घरी लावून दिलं. ज्या दुकानातनं आनलं त्या दुकानात. ह्यो समद्यांत लांब व्हता, ह्योची निवड झाली."

"आरं, पंगत बसलीया रं भाईर!"

"बसू दे की आक्का. वाईच दम धर." मामानं चुलीकडे बोट दाखवलं. चुलीजवळ एक पेटी उभी होती. दुसरी त्यानं बाहेर, पंगतीच्या तोंडाशी, सरांच्या पानापुढे ठेवली होती, आणि तिच्यावर लाल आकडे भराभरा पळत होते. "ह्या खेपेला येळबी लावलीया. दाना हितनं सुटलाय. सरांच्या पानात पोचला की आकडं आपसूक थांबत्याल."