फक्त चौथं बोट

“पाऊल उचललंच नाही म्हणतोस?” बाईंनी विचारलं.

“नाही. दोन्ही पायांना शून्य,” शार्दूल म्हणाला.

कुमुदबाईंची चाळीस वर्षं सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातपाय आखडलेल्या मुलांचे पाय तपासण्यात गेली होती. शार्दूलला त्यांच्या हाताखाली येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, पण तेवढ्यात स्वारीला आपल्या नजरेचा गर्व चढला होता. एका सकाळी बारा मुलं तो हातावेगळी करायचा.

टेबलावर सात वर्षांची रेणुका बसली होती. गुडघा सरळ ठेवून फक्त पाऊल वर उचलायचं, एवढीच परीक्षा. पण ती पाऊल उचलू गेली की अख्खा पाय दुमडून वर यायचा.

पावलावर मेंदूचा ताबाच नसेल तर ऑपरेशनचा उपयोग होत नाही, म्हणून शून्य मिळालेलं मूल ऑपरेशनच्या यादीत घेत नसत. त्या यादीसाठीच तिची आई भामा वर्षभर रोज लेकीचं पाऊल हातात धरून सराव घेत होती. आत्ता ती बाहेर व्हरांड्यात बसली होती. निकाल कारकुनाकरवी कळवायचा, असं शार्दूलनं ठरवूनही टाकलं होतं.

“तुझा बूट काढ,” बाई शार्दूलला म्हणाल्या. “मोजाही. आता पायाचं चौथं बोट उचल. फक्त चौथं.”

त्यात काय मोठंसं, म्हणत शार्दूलनं जोर लावला. पाचही बोटं उठली, गुडघाही हलला, जीभ दातांत आली.

“गुडघा नाही हलवायचा, सर,” रेणुका हसत म्हणाली. मघाशी त्यानंच तिला हे दहादा बजावलं होतं.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा... कपाळाला घाम फुटला, पण बोट काही ऐकेना.

“सरांना किती?” रेणुकानं विचारलं.

“शून्य,” बाई म्हणाल्या.

“आणि मला?”



शार्दूलला त्या पोरीकडं बघवेना. हलक्या आवाजात त्यानं विचारलं, “बाई, तिचं बदलू का?”

“नाही. तू बरोबर तपासलंयस.”

तो टेबलाशी वाकला. “तुलाही शून्यच, रेणुका.”

ती आपल्या पावलांकडं बघत राहिली. “पण मी खूप जोर लावला होता,” ती म्हणाली.

“हो गं...” तो म्हणाला. इतका वेळ त्यानं तिचं पाऊलच तेवढं पाहिलं होतं.

तिच्या आईला मीच सांगतो, असं म्हणून तो बुटासाठी खाली वाकला.

“बूट राहू दे,” बाई म्हणाल्या. “तसाच जा.”