बेहड्यातली ढोली

"...पण एकदा बघाल तरी की नाही, बुवा?"

रामगिरीबुवांनी अजून पायसुद्धा धुतले नव्हते. महिनाभर ते घाटावर, एका आजारी गुरुबंधूच्या सेवेला होते. सकाळच्या एसटीने उतरून, टेकडी चढून नुकतेच मठात पोचले होते.

विद्याधर केळुसकर पुढे पुढे चालत होता. बुवांचा सगळ्यात हुशार शिष्य. तीस वर्षं त्याने रस्ते बांधले होते, डोंगर फोडले होते. निवृत्त झाला आणि सगळं सोडून इथे आला. सगळं सोडलं, हे तो मठात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा.

दोघे मठाच्या मागे आले.

बुवा थांबले. भर दुपारीसुद्धा जिथे काळोखी असायची, तिथे लख्ख ऊन पडलं होतं.

"ध्यानमंडप," विद्याधर म्हणाला. "दोनशे माणसं आरामात बसतील. पावसाच्या आत छप्पर चढवतो. तुम्ही यायच्या आत जागा मोकळी करायची, असं ठरवलंच होतं मी."

"बेहडा?"

"तो अगदी मधोमध येत होता. काल संध्याकाळी पाडला."

बेहडा आडवा पडला होता. तिघांच्या कवेत मावणार नाही असं खोड. शेंड्याकडे लखू नावाचा लाकूडतोड्या फांद्या साळत होता.



तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज गेला. कुणी जाड घोंगडी झटकावी तसा.

धनेश होता. काळापांढरा, मोठ्या पिवळ्या चोचीचा. तो सरळ मोकळ्या जागेच्या मध्यावर आला आणि पाच-सहा पुरुष उंचीवर, हवेतच, थांबायला गेला. पाय पुढे काढले. धरायला काहीच नव्हतं. तो खाली घसरला, कसाबसा सावरला आणि कडेच्या ऐनाच्या झाडावर जाऊन बसला.

दम घेऊन पुन्हा आला. पुन्हा तिथेच.

विद्याधर हसला. "वेडा झालाय. कालपासून हेच चाललंय त्याचं. हवेत बसायला बघतो."

"चोचीत काय आहे त्याच्या?"

"उंबर असेल."

"मग खात का नाही?"



लखूचा कोयता थांबला. "मी बोललो होतो सायबांना," तो हळूच म्हणाला. "वर ढोलीत घर आहे, म्हटलं."

"हो, बोलला होता ना. अरे, पाखरू आहे ते! झाड हललं की जाईल उडून."

बुवा खोडाजवळ गेले. गुडघे टेकून खाली बसले. बोट वाकवून त्यांनी, कुणाचं दार वाजवावं तसं, खोडावर वाजवलं.

टक. टक.

...

आतून उत्तर आलं.

टक... टक.

विद्याधरच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे गोठलं.

"मादी," लखू म्हणाला. "अंडी घालायला आत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच मावेल एवढी फट ठेवते फक्त. आत बसून पंखांची पिसं गाळते. पिल्लं मोठी होईस्तोवर नराने आणून द्यायचं, तिने खायचं. तिला उडताच येत नाही, सायब."

"हे मला काल का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. तुम्ही फोनवर होता."

ढोलीचं तोंड खाली मातीत दबलं होतं. लखूने पहार घातली. विद्याधरने ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि सगळा भार टाकून तोच खोड उलटवू लागला. तळहात सोलून निघाले. लखूने दुसरी पहार लावली तेव्हा कुठे खोड वीतभर कलंडलं.

लिंपण वाळून दगड झालं होतं. ते विद्याधरने नखांनी उकरलं आणि हात आत घातला.

आधी दोन पिल्लं आली. दोन्ही गार.

मग ती. पंख अर्धे बोडके, एक पाय लोंबकळत होता. तिने चोचीने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. रक्त आलं. विद्याधरने हात मागे घेतला नाही. तिला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून तो ओरडायला लागला.

"इथे आहे! अरे, इथे बघ! इथे आहे ती!"

नर वर होता, पाच-सहा पुरुष उंचीवर. जिथे दार होतं, तिथे.

त्याने खाली पाहिलंच नाही.

दुपारी ती विद्याधरच्या मांडीवर मेली.

 मग विद्याधर एकदम घाईघाईने बोलू लागला. "मी झाडं लावतो, बुवा. ह्या जागेवरच लावतो. शंभर. पाचशे लावतो."

"लावा की," लखू म्हणाला. "पण ढोली व्हायला बेहडा म्हातारा व्हावा लागतो. ही ढोली माझ्या आज्यानेही पाहिली होती."

बुवांनी ऐनावर बसलेल्या नराकडे पाहिलं. "तोवर ह्याला कुठे बसायला सांगू?"



दुसऱ्या दिवशी धनेश आला. तिसऱ्या दिवशीही. दर खेपेला तो हवेत थांबू पाहायचा आणि चोचीतलं उंबर निसटून खाली पडायचं. मोकळ्या जागेच्या मध्यावर लाल उंबरांचा सडा पडला. विद्याधर त्या सड्याच्या कडेला बसून होता. खाणं नाही, जप नाही. बुवा अधूनमधून येऊन पाण्याचा तांब्या ठेवून जात.

चौथ्या दिवशी धनेश आला नाही.

सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. ऐनाचा शेंडा रिकामाच राहिला.

बुवा तांब्या घेऊन आले तेव्हा विद्याधर आपल्या हातांकडे बघत होता.

"तीस वर्षं, बुवा..." तो म्हणाला. "एकेका रस्त्याला हजार हजार झाडं. कागदावर नुसता आकडा यायचा, मी सही करायचो. एवढी पाडली... आणि एकदाही... एकदासुद्धा वाजवून नाही पाहिलं."

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"त्या सगळ्यांच्या आत कोण कोण होतं, बुवा?"

...

विद्याधरने पुढे होऊन बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मला क्षमा करा."

बुवांनी पाय मागे घेतले.

"माझ्याकडे कशाला मागतोस? माझं घर उभं आहे."