मुळी परत मागणारी ठकूआजी

आंबेघळीला गाडीरस्ता पोचला नव्हता, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पोटातल्या त्या गावात ठकूआजी भांगरे झाडपाल्याचं औषध द्यायची. साखरेच्या आजारावर ती कडूजिभी नावाच्या वेलीची मुळी उगाळून द्यायची. महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमा तिच्या औषधाने भरायच्या. चाळीस गावांतून माणसं यायची. आजी रानात शिरली की वेली तिच्याकडे वळायच्या, असं म्हणतात.

पण आजीच्या मनात एक सल होता. तिची धाकटी बहीण राही तीच मुळी दोन वर्षं घेत होती. पायाची जखम भरली, पण चेहरा सुजत गेला आणि राही वारली. लोक म्हणाले, नशीब. आजीला ते पटलं नाही, पण दुसरं कारणही सापडेना.

मग शहरातल्या प्रयोगशाळेतून सुमेधाबाई आल्या. "आजी, तुमचं औषध तपासू का?" त्यांनी विचारलं.

गावातले म्हातारे खवळले. "औषध फोडून सांगितलं की गुण जातो, ठके!"

"खोटा असंल तर गेलेलाच बरा," आजी म्हणाली, आणि वेल घेऊन स्वतःच शहरात गेली.

तिथे आजार जडवलेले उंदीर होते. काहींना कडूजिभीचा पाला दिला, काहींना मुळी, काहींना नुसतं पाणी. आजी तीन महिने पिंजऱ्यांपाशी बसून राहिली. शिवायची नाही, नुसती बघायची. असं म्हणतात, यंत्रांनी काही सांगायच्या आधीच एका सकाळी तिने सुमेधाबाईंना हाक मारली. "मुळीवाल्यांची तोंडं बघ बाई. माझी राही अशीच दिसायची."

पंधरा दिवसांनी तपासणी पुरी झाली. पाल्याने साखर उतरत होती आणि अपाय दिसला नव्हता. मुळीनेही उतरत होती, पण ती मूत्रपिंडं हळूहळू निकामी करत होती. सुमेधाबाईंना ते सांगवेना.

"लपवू नको पोरी," आजी म्हणाली. "दिलीय तर मीच."

परत आल्यावर ती घरी गेलीच नाही. दारोदार फिरून म्हणाली, "मुळी परत द्या. माझी चूक झाली." कुणी रडलं, कुणी दार लावून घेतलं. धावजी नावाच्या माणसाची बायको तीच मुळी घेता घेता गेली होती. तो दमेपर्यंत आजीला बोलला. आजी अंगणात उभी राहून ऐकत होती. शेवटी त्याने घरातली उरलेली पुडी आणून तिच्या ओच्यात टाकली आणि पुढच्या गावाची वाट दाखवायला तिच्यासोबत निघाला. त्या दिवशी ठकूआजी एकाच वेळी सात गावांत दिसली, असं म्हणतात.

आजही आंबेघळीत औषध देणारा आधी रोग्याला रक्त तपासायला पाठवतो, आणि औषध देताना मोठ्याने सांगतो, "याचं मला एवढं ठाऊक आहे, आणि एवढं ठाऊक नाही." दर मार्गशीर्षात चाळीस गावांतले वैदू ठकूआजीच्या नावाने चावडीवर जमतात. ज्यांना औषधाने बरं वाटलं, ते त्या दिवशी गप्प राहतात. ज्यांना वाटलं नाही, ते बोलतात. त्यांचं बोलणं संपेपर्यंत एकही वैदू खाली बसत नाही.